सही शिपरची, तपासणी विमान कंपनीची: धोकादायक मालाच्या स्वीकाराविषयी

वाळूजमधील एका मालवाहतूक कार्यालयातून आलेला प्रश्न असा आहे. रंग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या चार पेट्या ट्रकने मुंबईच्या कार्गो टर्मिनलवर गेल्या. शिपरचे, म्हणजे माल पाठवणाऱ्याचे, सही केलेले डिक्लेरेशन (धोकादायक मालाचे घोषणापत्र) सोबत होते आणि लेबलेही लावलेली होती. तरीही एका पेटीवर ‘ही बाजू वर’ असे दाखवणाऱ्या बाणाचे लेबल एकाच बाजूला शिल्लक आहे, एवढ्या कारणावरून विमान कंपनीने संपूर्ण माल परत पाठवला. मालाचे वर्गीकरण, बांधणी आणि वर्णन यांची जबाबदारी कायद्याने शिपरवर टाकली असून त्याने ती सहीनिशी पत्करली आहे. मग विमान कंपनी तेच काम पुन्हा का करते, नेमके काय पाहते आणि तिची तपासणी कुठे संपते, असे प्रश्नकर्त्यांनी विचारले आहे. माल अमेरिकेला जाणार असल्याने तिथल्या नियमांत काही वेगळे आहे का, हेही त्यांना जाणून घ्यायचे आहे.

विमान कंपनी शिपरचे काम पुन्हा करत नाही. रंग कोणत्या पॅकिंग ग्रुपमध्ये (धोक्याच्या तीव्रतेनुसारच्या तीन गटांपैकी एकात) बसतो, त्याचा फ्लॅश पॉइंट (त्याची वाफ पेट घेऊ शकते ते किमान तापमान) किती, आतल्या डब्याचे झाकण किती जोराने आवळले आहे, हे ठरवणे आणि सांगणे शिपरचेच काम आहे. कंपनीचे काम ताडून पाहण्याचे आहे. कागदावर जे लिहिले आहे, पेटीवर जे दिसते आणि नियम त्या विमानात जे नेऊ देतो, या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळतात का, हे तिला पाहावे लागते. हे काम शिपरच्या सहीने भागत नाही, कारण सही ज्या दिवशी आणि ज्या ठिकाणी झाली त्यानंतर पेटीने बराच प्रवास केलेला असतो. याखेरीज माल विमानात किंवा पॅलेटवर चढवण्यापूर्वी आणि उतरवल्यानंतर करायची पाहणी हे पूर्णपणे वेगळे कर्तव्य आहे. बहुतेक फॉरवर्डर (शिपरच्या वतीने माल रवाना करणारे मध्यस्थ) या दोन गोष्टी एकच समजतात आणि निम्मे वाद तिथूनच सुरू होतात.

आधी या कर्तव्यांचा उगम थोडक्यात सांगतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या, शिकागो कराराचे परिशिष्ट १८ हे मूळ असून त्याचा तपशील ‘टेक्निकल इन्स्ट्रक्शन्स’ या दर दोन वर्षांनी निघणाऱ्या ग्रंथात आहे. त्याचा सातवा भाग संपूर्णपणे विमान कंपनीच्या जबाबदाऱ्यांविषयी आहे. आपल्याकडे २००३ च्या धोकादायक मालाच्या विमान वाहतुकीविषयीच्या नियमांनी या सूचनांना कायद्याचे बळ दिले आणि देखरेख नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे सोपवली. माल स्वीकारणाऱ्या खिडकीवरील माणसाच्या हातात प्रत्यक्षात असते ते आयाटाचे, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे, दरवर्षी १ जानेवारीपासून लागू होणारे डीजीआर (धोकादायक मालाच्या नियमांचे) पुस्तक, ज्यात आयकाओच्या नियमांबरोबर विमान कंपन्यांच्या स्वतःच्या अटीही दिलेल्या असतात. अमेरिकेत हेच विषय त्यांच्या संघीय नियमावलीच्या शीर्षक ४९ मधील भाग १७५ मध्ये येतात, आणि स्वीकारताना व चढवताना करायच्या तपासणीचे कलम १७५.३० असे आहे.

आता पहिली तपासणी, म्हणजे स्वीकार-तपासणी. ती चेकलिस्टशिवाय करताच येत नाही. मनातल्या मनात केलेली तपासणी नियमाच्या दृष्टीने झालेलीच नसते. डिक्लेरेशनच्या किमान दोन प्रती लागतात, एक मालासोबत जाते आणि एक कंपनीकडे राहते. डाव्या-उजव्या कडांना लाल तिरप्या पट्ट्या आहेत का, प्रवासी व मालवाहू विमान किंवा केवळ मालवाहू विमान यांपैकी न लागणारा पर्याय खोडला आहे का, यूएन क्रमांक (संयुक्त राष्ट्रांच्या यादीतील पदार्थाचा क्रमांक), अधिकृत नाव, वर्ग, पॅकिंग ग्रुप, पेट्यांची संख्या व प्रकार, प्रत्येक पेटीतील निव्वळ प्रमाण आणि पॅकिंग इन्स्ट्रक्शनचा (बांधणीच्या सूचनेचा) क्रमांक ठरलेल्या क्रमाने आहेत का, हे एकेक करून पाहिले जाते. खाडाखोड असेल तर तिथे डिक्लेरेशनवरील सहीशी जुळणारीच सही हवी. एअर वेबिल (विमानाने जाणाऱ्या मालाची पावती) क्रमांक आणि निघण्याच्या व पोहोचण्याच्या विमानतळांची नावे यांतील दुरुस्तीला मात्र ही सही लागत नाही. हा अपवाद माहीत नसल्याने वाळूज-मुंबई फेरी पुन्हा घालणारे लोक मी पाहिले आहेत, आणि तो माहीत नसल्याने माल नाकारणारे तपासनीसही पाहिले आहेत.

प्रमाणाच्या बाबतीत रंगाचेच उदाहरण घेऊ. यूएन १२६३ या क्रमांकाचा रंग पॅकिंग ग्रुप दोनमध्ये असेल तर प्रवासी विमानात एका पेटीत ५ लिटरपर्यंत आणि मालवाहू विमानात ६० लिटरपर्यंत नेता येतो. ग्रुप तीनमध्ये असेल तर याच मर्यादा ६० आणि २२० लिटर होतात. म्हणजे कागदावरील एका रोमन आकड्याने पॅकिंग इन्स्ट्रक्शन बदलते, विमान बदलते आणि पेटीवर ‘केवळ मालवाहू विमान’ हे नारिंगी लेबल हवे की नको, तेही बदलते. तपासनीस रंगाचा फ्लॅश पॉइंट मोजत नाही, पण ‘ग्रुप दोन, १६ लिटर, प्रवासी विमान’ असे तीन शब्दप्रयोग एका ओळीत दिसले, तर त्याला थांबावेच लागते.

पेटीकडे वळल्यावर प्रथम पाहायची ती यूएन प्रमाणित पेटीवरील छापील खूण. वर्तुळातील यूएन चिन्हापुढे ‘४जी’ असे असेल तर पेटी पुठ्ठ्याची; पुढचे एक्स, वाय किंवा झेड हे अक्षर ती कोणत्या पॅकिंग ग्रुपसाठी तपासली गेली ते सांगते, म्हणजे एक्स तिन्ही ग्रुपना चालते, वाय दोन व तीनला आणि झेड केवळ तीनला; आणि त्या अक्षराला चिकटलेला आकडा हे पेटीचे कमाल एकूण वजन किलोमध्ये असते. आपल्याकडे अशा पेट्यांच्या चाचण्या व प्रमाणपत्रे देण्याचे काम मुंबईची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग करते. सर्वाधिक चुका या शेवटच्या आकड्यावर होतात. चार लिटरचे चार डबे म्हणजे १६ लिटर, म्हणून ‘वाय २०’ची पेटी पुरेल असा हिशेब कारखान्यातील स्टोअरमध्ये केला जातो. लिटर आणि किलो एकच धरण्याची ती सवय पाण्यापुरती ठीक आहे. रंगाची घनता १.३ च्या आसपास धरली तर नुसता रंगच २०.८ किलो होतो, त्यात पत्र्याचे डबे, शोषक द्रव्य आणि खुद्द पेटी आली. काट्यावर २३ किलो दिसले की लेबले कितीही सुबक लावलेली असोत, ती पेटी जात नाही. प्लास्टिकचे पिंप किंवा कॅन असेल तर उत्पादनाचा महिना व वर्षही पाहावे लागते, कारण त्यांचा वापर उत्पादनापासून सामान्यतः ५ वर्षांपर्यंतच करता येतो.

यानंतर खुणा आणि लेबले. धोक्याचे चौकोनी तिरपे लेबल किमान १०० मिलिमीटर बाजूचे हवे, ते पेटीच्या कडेवरून दुमडलेले नको, आणि जागा पुरेशी असेल तर अधिकृत नावाच्या बाजूवरच हवे. शिपर आणि माल घेणारा, दोघांचे नाव-पत्ते पेटीवर हवेत. जुन्या पेटीवरील न लागणारी लेबले काढलेली किंवा झाकलेली असावीत. आतमध्ये द्रवाचे डबे असलेल्या पेटीवर बाणांची लेबले समोरासमोरच्या दोन बाजूंवर लागतात, आणि आपली पेटी नेमकी इथे अडली. आतल्या डब्यांचा आकार अगदी लहान असला तर यातून काही सवलती मिळतात, चार लिटरच्या डब्यांना त्या लागू नाहीत. लेबल कारखान्यात लावले होते की नव्हते, ट्रकमध्ये घासून निघाले की कोणी उचलताना फाटले, हा प्रश्न स्वीकारणाऱ्याच्या दृष्टीने गैरलागू आहे. त्याला पेटी समोर आली त्या क्षणीची स्थिती नोंदवायची असते. तिथे शिपरची किंवा त्याने नेमलेल्या माणसाची उपस्थिती असेल आणि सोबत जादा लेबले असतील तर हे प्रकरण तिथेच मिटू शकते. नसेल तर माल परत, आणि एका डिक्लेरेशनवर चार पेट्या असल्याने चारही परत.

दोन बाजूंना बाण कशासाठी, असा प्रश्न कोणाला पडत असेल तर ३ नोव्हेंबर १९७३ ची घटना सांगण्याजोगी आहे. पॅन अमेरिकन कंपनीचे बोइंग ७०७ मालवाहू विमान न्यूयॉर्कहून स्कॉटलंडमधील प्रेस्टविकला निघाले होते. उड्डाणानंतर सुमारे अर्ध्या तासाने धूर जाणवल्यावर ते बोस्टनकडे वळवण्यात आले आणि धावपट्टीच्या अलीकडेच कोसळून विमानातील तिघेही कर्मचारी दगावले. मालात नायट्रिक ॲसिड होते आणि त्याच्या बाटल्यांभोवती लाकडाचा भुसा भरलेला होता. ॲसिड गळले, भुशाशी त्याची क्रिया झाली आणि कॉकपिट धुराने भरले. चौकशीत अयोग्य पॅकिंगवर बोट ठेवले गेले, तसे माल चुकीच्या रीतीने रचण्यावरही. आणि त्याच अहवालाने एक व्यापक कारण नोंदवले की नियम गुंतागुंतीचे होते आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना ते ठाऊकच नव्हते. त्यानंतर १९७५ मध्ये अमेरिकेत धोकादायक मालाच्या वाहतुकीचा स्वतंत्र कायदा आला. भुसा पेटीच्या आत होता, तो कोणालाही बाहेरून दिसला नसता. पेटीची दिशा मात्र बाहेरून दिसणारी गोष्ट आहे, आणि म्हणूनच ती कंपनीच्या कर्तव्यात मोडते.

आता मराठवाड्यातून जाणाऱ्या मालाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण इथल्या पेट्या नाकारल्या जाण्यामागे कागदाइतकाच रस्ता आणि हवा यांचा हात असतो. चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्र्याचा बहुतांश निर्यात माल ट्रकने मुंबईला जातो. समृद्धी महामार्गामुळे वेळ वाचतो, पण एप्रिल-मे महिन्यांत बंद पत्र्याच्या गाडीत पेटी तासन्‌तास तापते, हे काही टळत नाही. द्रवाचा डबा भरताना ५५ अंश सेल्सिअसला द्रव प्रसरण पावूनही तो गळणार नाही इतकी मोकळी जागा ठेवली पाहिजे, असा नियम आहे. पुस्तक वाचताना हा आकडा अतिशयोक्त वाटतो, वैशाखातल्या दुपारी उन्हात उभ्या ट्रकचे दार उघडल्यावर वाटत नाही. शिवाय विमानात बाहेरचा दाब कमी होतो, म्हणून द्रव धरणाऱ्या आतल्या भांड्याने सामान्यतः ९५ किलोपास्कलचा आणि ज्वलनशील द्रवांच्या ग्रुप तीनसाठी ७५ किलोपास्कलचा दाबफरक सहन करावा लागतो. साधा दाबून बसवलेल्या झाकणाचा डबा दुकानात वर्षभर ठेवला तरी गळणार नाही, पण तो या परीक्षेत उतरेलच असे नाही. त्यासाठी झाकणावर क्लिपा किंवा कडे लागते.

विमान कंपनी यातले काहीच मोजत नाही. तिला परिणाम दिसतात, आणि सरावलेली नजर ते परिणाम वाचते. पुठ्ठ्यावर तळाशी उमटलेला गडद डाग, थिनरचा वास, वरचा पृष्ठभाग फुगून आलेला, कोपरा दबून मऊ झालेला, आणि माझ्या मते सर्वांत बोलकी खूण म्हणजे वेगळ्या रंगाची किंवा वेगळ्या रुंदीची टेप. यूएन पेटी कशी बंद करायची याच्या सूचना पेटीचा निर्माता देतो आणि चाचणी त्याच पद्धतीने बंद केलेल्या पेटीवर झालेली असते. मध्येच कोणीतरी पेटी उघडून दुसऱ्या टेपने बंद केली असेल तर ती छापील खूण कितीही खरी असली तरी तिचा आधार उरत नाही. जूननंतर प्रश्न ओलाव्याचा होतो. भिजून वाळलेला पुठ्ठा दिसायला बरा दिसतो, पण पेट्या एकमेकींवर रचल्या की तो बसतो. अशी पेटी अंगठ्याने दाबून पाहणाऱ्या तपासनीसाला आमच्याकडे उगाच खोडी काढणारा म्हणतात. तो आपले काम करत असतो.

ओव्हरपॅकविषयी एवढेच सांगतो की अनेक पेट्या एकत्र बांधून त्यावर काळे प्लास्टिक गुंडाळले की आतल्या सर्व खुणा व लेबले बाहेर पुन्हा लावावी लागतात आणि ‘ओव्हरपॅक’ हा शब्द लिहावा लागतो. पारदर्शक प्लास्टिक वापरून सगळे दिसत राहिले तर ही दगदग वाचते.

दुसरी तपासणी, म्हणजे लोडिंगपूर्वीची पाहणी, चेकलिस्टच्या मानाने साधी असते, पण तिला पर्याय नाही. स्वीकारलेली पेटी गोदामात काही तास किंवा काही दिवस राहते, फोर्कलिफ्टने हलते, इतर मालाशेजारी उभी राहते. म्हणून ती विमानात, पॅलेटवर किंवा यूएलडीत (विमानात चढवायच्या कंटेनरमध्ये) ठेवण्याच्या लगेच आधी पुन्हा पाहायची: छिद्र नाही, गळती नाही, तिचा धडधाकटपणा कमी झाल्याचे कोणतेही लक्षण नाही. अमेरिकेच्या कलम १७५.३० मध्ये नेमकी हीच भाषा आहे, आणि किरणोत्सर्गी मालासाठी पेटीचे सील तुटलेले नसावे अशी भर आहे. यूएलडी भरल्यानंतर तो विमानात चढवण्यापूर्वी बाहेरून पुन्हा पाहिला जातो, आणि गळतीचे चिन्ह दिसले तर तो चढवायचा नसतो. गळकी किंवा फुटकी पेटी बाजूला काढून भागत नाही, तिच्या शेजारच्या पेट्यांना काही लागले आहे का, हेही पाहावे लागते. मुक्कामाच्या ठिकाणी उतरवल्यावर तीच पाहणी तिसऱ्यांदा होते, आणि गळती आढळली तर पेटी विमानात जिथे होती ती जागा दूषित झाली आहे का, याची तपासणी होते. किरणोत्सर्गी मालाने विमान दूषित झाले असेल तर ते तत्काळ सेवेतून काढावे लागते आणि ठरलेल्या मर्यादेच्या आत आल्याशिवाय परत वापरता येत नाही.

काही वर्षे मुंबईत स्वीकार-खिडकीवर आणि नंतर प्रशिक्षणात काम केल्यावर माझे मत असे झाले आहे, की लोडिंगपूर्वीची पाहणी ही सर्वाधिक दुर्लक्षित जबाबदारी आहे. स्वीकारणाऱ्याकडे पुस्तक असते, उजेड असतो, वेळ असतो. रॅम्पवरच्या, म्हणजे विमानाजवळ माल चढवणाऱ्या, माणसाकडे यांपैकी काहीच नसते, आणि पेटीवर स्वीकाराचा शिक्का दिसला की तो तिच्याकडे निश्चिंतपणे पाहतो. त्यालाही त्याच्या कामापुरते प्रशिक्षण बंधनकारक आहे व ते २४ महिन्यांच्या आत नव्याने घ्यावे लागते. पण प्रशिक्षणात त्याला लेबलांचे रंग पाठ करून घेण्यापेक्षा पेटी उचलून तिच्या तळाकडे पाहण्याची सवय लावावी, असे मी नेहमी सांगत आलो आहे.

आता प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो: कंपनी शिपरवर विश्वास किती ठेवू शकते? पेटी उघडून पाहणे हे तिचे काम नाही, आणि बहुतेक वेळा ते धोक्याचेही असते. अमेरिकेच्या नियमांत याचे उत्तर स्पष्ट शब्दांत आहे. वाहतूकदाराला शिपरने किंवा आधीच्या वाहतूकदाराने दिलेल्या माहितीवर विसंबता येते, परंतु ती माहिती चुकीची असल्याचे त्याला ठाऊक असेल, किंवा त्या परिस्थितीत वाजवी काळजी घेणाऱ्या समंजस माणसाला ते कळले असते, तर त्याला तो आधार मिळत नाही. म्हणजे न दिसणाऱ्या गोष्टीचा दोष कंपनीवर येत नाही, दिसत असून न पाहिलेल्या गोष्टीचा येतो. आपल्याकडच्या व्यवहारातही मी हीच कसोटी लावतो.

११ मे १९९६ रोजी व्हॅल्यूजेट कंपनीचे ५९२ क्रमांकाचे विमान मायामीहून अटलांटाला निघाल्यावर काही मिनिटांत फ्लोरिडातील एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळले आणि ११० जण मरण पावले. त्याच्या पुढच्या कार्गो कप्प्यात देखभालीचे कंत्राट असलेल्या सेबरटेक कंपनीने पाठवलेल्या पाच पेट्यांत विमानातून काढलेले रासायनिक ऑक्सिजन जनरेटर होते. ते वापरलेले नव्हते, त्यांना सुरक्षिततेच्या टोप्या बसवलेल्या नव्हत्या, आणि पावतीवर मात्र ऑक्सिजनचे ‘रिकामे’ डबे अशी नोंद होती. विमान कंपनीला धोकादायक माल नेण्याची परवानगीच नव्हती. अमेरिकी चौकशी मंडळाने दोष वाटून दिला: सेबरटेकने पॅकिंग व ओळख नीट केली नाही, व्हॅल्यूजेटने कंत्राटदारावर देखरेख ठेवली नाही, आणि सरकारी यंत्रणेने त्या प्रकारच्या कप्प्यांत धूर ओळखणारी व आग विझवणारी सोय सक्तीची केली नव्हती. आमच्या कामाच्या दृष्टीने यातला महत्त्वाचा शब्द ‘ऑक्सिजन’ हा आहे. ‘रिकामे’ हा शब्द त्याच्या शेजारी आला म्हणजे प्रश्न संपत नाही, तिथून तो सुरू होतो: कधी रिकामे केले, कोणी, कसे?

आपल्या भागात हा शब्द बहुधा ‘ऑटो पार्ट्स’ असा असतो. वाळूजमध्ये वाहनांचे सुटे भाग बनवणारे कारखाने खच्चून आहेत, आणि त्यांच्या नमुन्यांत वायू भरलेले स्ट्रट, एअरबॅगचे इन्फ्लेटर, सीटबेल्ट ताणणारी यंत्रणा, इंधनाचा अंश उरलेला पंप किंवा ॲसिडची बॅटरी असू शकते. पाठवणाऱ्या क्लार्कला हे सारे लोखंड वाटते. ‘औषधांचे नमुने’, ‘मशीन स्पेअर्स’, ‘घरगुती सामान’ ही वर्णनेही अशीच आहेत. अशा सामान्य वर्णनामागे धोकादायक माल लपलेला असू शकतो का, याची चौकशी करणे, शंका असल्यास शिपरकडून लेखी खुलासा घेणे आणि अघोषित माल सापडला तर प्राधिकरणाला कळवणे, ही विमान कंपनीचीच कर्तव्ये आहेत. सुरक्षा तपासणीतील क्ष-किरण यंत्र या कामी उपयोगी पडते, पण ती स्वीकार-तपासणी नव्हे. त्या यंत्रातून पार झालेली पेटी धोकादायक मालाच्या दृष्टीने तपासलेली ठरत नाही.

लिथियम बॅटऱ्यांसाठी वेगळे लिहावे इतका तो विषय मोठा आहे, इथे फक्त तपासणीशी संबंधित भाग घेतो. सप्टेंबर २०१० मध्ये दुबईजवळ यूपीएसच्या मालवाहू बोइंग ७४७ विमानात, बॅटऱ्या असलेल्या मालात आग लागून दोन्ही वैमानिक दगावले. पुढे सुट्या लिथियम-मेटल बॅटऱ्या २०१५ च्या आरंभापासून आणि सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानात माल म्हणून बंद झाल्या, आणि मालवाहू विमानातही सुट्या आयन बॅटऱ्यांचा चार्ज ३० टक्क्यांहून अधिक नसावा असे ठरले. चार्ज किती आहे हे पेटीबाहेरून दिसत नाही, तिथे शिपरच्या शब्दावरच विसंबावे लागते. दिसते ते पेटीचे अंग. इतर मालाच्या बाबतीत किंचित दबलेला कोपरा तपासनीस सोडून देईल. बॅटऱ्यांच्या पेटीचा दबलेला कोपरा मी कधीही सोडू दिला नाही, कारण चेपलेला सेल लगेच पेटतोच असे नाही, काही तासांनीही पेटू शकतो.

सुक्या बर्फाचे (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइड वायूचे) पार्सल औषध कारखान्यांकडून नेहमी जाते. त्यात दुसरा धोकादायक पदार्थ नसेल तर डिक्लेरेशन लागत नाही, एअर वेबिलवरची नोंद, यूएन १८४५, नववा वर्ग आणि बर्फाचे निव्वळ वजन पुरते. एका पेटीत २०० किलोची मर्यादा आहे. मात्र वायू बाहेर पडायला वाट ठेवलेली हवी, आणि थर्माकोलची पेटी गळू नये म्हणून चोहोबाजूंनी टेपने बंद करणारे सद्गृहस्थ दर हंगामात भेटतात.

लोडिंगनंतर कंपनीने वैमानिकाला लेखी माहिती द्यायची असते, तिला सगळे नोटॉक म्हणतात. कोणता माल, कोणत्या कप्प्यात, किती आणि ‘केवळ मालवाहू विमान’ यातला आहे का, हे त्यात असते. चढवताना गळक्या किंवा खराब पेट्या आढळल्या नाहीत याची खात्रीही त्यातच नोंदवली जाते. म्हणजे रॅम्पवरच्या त्या पाहणीचा कागदी पुरावा शेवटी वैमानिकाच्या हाती जातो. डिक्लेरेशन, चेकलिस्ट आणि नोटॉक कंपनीने किमान तीन महिने जपून ठेवायचे असतात.

अमेरिकेच्या टप्प्याविषयी दोन गोष्टी आपल्या उपयोगाच्या आहेत. आयकाओच्या पद्धतीने केलेले पॅकिंग व कागदपत्रे तिथे सामान्यतः चालतात, पण त्यांच्या राष्ट्रीय अटीप्रमाणे डिक्लेरेशनवर चोवीस तास चालू असणारा आपत्कालीन दूरध्वनी क्रमांक लागतो, आणि तो उचलणाऱ्याला मालाची माहिती हवी. कारखान्याच्या गेटवरील सुरक्षारक्षकाचा क्रमांक चालत नाही. दुसरे म्हणजे माल मध्ये दुसऱ्या विमान कंपनीकडे सोपवला जाणार असेल तर तीही स्वतःची स्वीकार-तपासणी करते, म्हणून मुंबईत ज्या पेटीचे लेबल अर्धवट निघालेले चालवून घेतले गेले असते ती परदेशातल्या विमानतळावर अडली असती, आणि तिथून ती सोडवणे याहून खर्चाचे झाले असते.

आपल्या चार पेट्यांबाबत आता करायचे ते असे. आयाटाच्या चेकलिस्टवर अशी सूचना असते की सर्व मुद्दे तपासून झाल्याशिवाय माल स्वीकारू नये आणि नाकारूही नये, आणि एकही उत्तर ‘नाही’ असेल तर भरलेल्या चेकलिस्टची प्रत शिपरला द्यावी. ती प्रत मागून घ्या. बाणाच्या लेबलाखेरीज दुसरी त्रुटी तिच्यात नसेल तर कारखान्यात पेट्या उघडायची गरज नाही, नवी लेबले लावून आणि पेट्यांचे वजन त्यांच्या छापील आकड्याशी ताडून त्याच डिक्लेरेशनवर माल पुन्हा पाठवता येईल. लेबले लावण्यापूर्वी पुठ्ठा कोरडा व धूळ पुसलेला असावा, आणि या वेळी ट्रकसोबत जाणाऱ्या माणसाकडे प्रत्येक प्रकारची चार-सहा जादा लेबले आणि ती लावण्याचे शिपरचे लेखी अधिकारपत्र द्यावे.